कढया

घड्याळ कपाटात काढून ठेवायचं, मग आत जायचं.
एकतीस वर्षं हाच रिवाज.
आत वीज अशी धावते
की घड्याळं मरतात
आणि खिशातल्या किल्ल्या उभ्या राहतात,
कुत्र्याने कान टवकारावेत तशा.

चारशे बारा कढया.
प्रत्येकीच्या पोटात पांढराशुभ्र ताप.
चार तास वीज गेली तर धातू थिजतो,
डुकराच्या चरबीसारखा, कडेकडून आत.
मग पहारी घ्या आणि फोडत बसा महिनोन्‌महिने.
म्हणून आम्ही नाताळात जेवलो ते इथेच, पाळीपाळीने,
म्हणून माझी उशीया जन्मली तेव्हा
मी दोनशे सातव्या कढईपाशी होतो.
बायको अजून ऐकवते.

मे महिन्यात समुद्रापलीकडून पत्र आलं.
वीज महाग आहे, असं त्यात होतं.
आम्ही महाग आहोत, हे नव्हतं,
पण ब्रेइशोने ते वाचून दाखवलं.

मग राजधानीहून मंत्रीणबाई आल्या.
हेल्मेटवर किमतीची चिठ्ठी तशीच.
घड्याळ काढा म्हटलं, तर म्हणाल्या, राहू दे, आईचं आहे.
अकरा चाळीसला ते थांबलं.
त्यांनी मनगट कानाशी नेलं,
एकदा हलवलं,
आणि पहिल्यांदाच माणसासारखं विचारलं:
"हे बाहेर गेल्यावर पुन्हा चालतं का?"
कधीकधी, मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, बाई झटल्या.
विजेचा दर उतरवला, एका रात्रीत वटहुकूम काढला,
कर्जाची हमी दिली, गिऱ्हाईक शोधलं.
गिऱ्हाईक आलं. खिडक्या मोजल्या,
धक्क्यावर बसून अख्खा ऑक्टोपस खाल्ला,
पावती मागून घेतली, गेलं.
दुसरं आलं, त्याला फक्त धक्का हवा होता.

युनियनचा अमारो मंत्रालयाच्या बाकावर झोपायचा.
रात्री अडीचला फोन:
"अजून आत आहेत."
साडेतीनला:
"सँडविचं नेली आत."
इकडे फाटकापाशी आम्ही टायर जाळून शेकत उभे,
पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता,
आणि सँडविचं नेली
याचा अर्थ काय, यावर
दोन तट पडले.

पहाटे सह्या झाल्या.
बंद नाही. तो शब्द कागदात कुठेच नाही,
अमारोने तीनदा बघितलं.
कढया निजवायच्या, दोन वर्षं.
पगार चालू. एकही माणूस कमी नाही.
वीज स्वस्त झाली की उठवायच्या.
बाई टीव्हीवर आल्या तेव्हा आवाज पार बसला होता.
चौकात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या,
मीही मारल्या,
सासऱ्यालासुद्धा.

रोज नऊ, या हिशेबाने निजवल्या.
दोनशे सातची पाळी गुरुवारी आली.
वर पापुद्रा धरला, मग तडकला,
भाकरीचा कडा तडकतो तेवढाच आवाज,
आणि मग तेवढाही नाही.
ब्रेइशो म्हणाला, चल, ही झोपली.
मी म्हटलं, झोपलेलं माणूस
श्वास घेतं रे.

आता मी रखवाली करतो.
पगार एक तारखेला येतो, पैसे चोख.
शेजारीण विचारते, काय करता हो दिवसभर?
कारखाना वाचलाय, मी सांगतो,
तो बघत असतो.

परवा घाईत घड्याळ काढायचं राहिलं.
मधल्या वाटेवर पोहोचलो तेव्हा ध्यानात आलं.
किल्ल्या खिशात निमूट पडलेल्या.
मी मनगट कानाशी नेलं.

चालू होतं.
तीन वाजून दहा मिनिटं.
अकरा.
बारा.